युरियाच्या गोणीतील हायड्रोजन : स्वच्छ इंधन आणि रायगड किनारपट्टीची शेती

रोहिण्या जवळ आल्या की रायगडच्या किनारपट्टीवर भातशेतीची लगबग सुरू होते. राब भाजून झालेले असतात, बांधबंदिस्ती चालू असते आणि सोसायटीत युरियाची चौकशी सुरू होते. त्याच सुमारास वर्तमानपत्रांतून आणि दूरचित्रवाणीवरून ‘हायड्रोजन हे उद्याचे इंधन’ अशा बातम्याही आपल्या कानावर येत असतात. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल असे सहसा कोणाच्या मनात येत नाही. प्रत्यक्षात हा संबंध अतिशय जवळचा आहे. अलिबाग तालुक्यातील थळ येथील खत कारखान्यात १९८५ सालापासून दररोज मोठ्या प्रमाणावर हायड्रोजन तयार होतो आणि तो युरियाच्या रूपाने आपल्या खाचरात येऊन पडतो. त्यामुळे हायड्रोजन स्वच्छ झाला, महाग झाला किंवा त्याचा पुरवठा अडला, तर त्याचा परिणाम आपल्या शेतीवर झाल्याशिवाय राहत नाही.

हायड्रोजन व त्यावर चालणारे इंधन घट यांची माहिती, त्यांचे फायदे व मर्यादा, आणि आपल्या भागातील शेतकऱ्याने यातून काय घ्यावे व काय घेऊ नये, याचा विचार या लेखात केला आहे.

हायड्रोजन म्हणजे काय?

हायड्रोजन हा सर्वांत हलका वायू आहे. तो हवेच्या सुमारे १४ पट हलका असतो. त्याला रंग, वास व चव नसते. तो जळला म्हणजे हवेतील प्राणवायूशी संयोग पावून फक्त पाणी तयार होते. कोळसा किंवा डिझेल जाळल्यावर निघणारा धूर, काजळी आणि कर्बवायू त्यातून निघत नाही. एक किलो हायड्रोजनमध्ये साधारण ३.३ लिटर डिझेलइतकी ऊर्जा असते.

एक गोष्ट मात्र सुरुवातीलाच ध्यानात ठेवली पाहिजे. कोळसा खाणीतून व खनिज तेल विहिरीतून काढता येते, तसा मोकळा हायड्रोजन आज आपल्याला मोठ्या प्रमाणावर कोठून काढता येत नाही. तो पाण्यात प्राणवायूशी आणि नैसर्गिक वायूत कर्बाशी घट्ट बांधलेला असतो. त्याला वेगळा करण्यासाठी ऊर्जा खर्च करावी लागते आणि ही खर्च केलेली ऊर्जा नंतर मिळणाऱ्या ऊर्जेपेक्षा नेहमी जास्तच असते. म्हणून हायड्रोजन हा ऊर्जेचा मूळ साठा नसून ऊर्जा वाहून नेणारे साधन आहे. विहिरीतले पाणी आणि ते वाहून नेणारी कळशी यांत जो फरक, तोच येथे आहे. कळशी कितीही स्वच्छ असली तरी विहीर कोणती, हा प्रश्न उरतोच.

थळ येथे हायड्रोजन कसा तयार होतो?

मुंबईजवळच्या समुद्रात १९७४ साली ‘बॉम्बे हाय’ हे तेलक्षेत्र सापडले. तेथील नैसर्गिक वायू नळांवाटे उरण येथे आणला गेला आणि त्याच्या आधारावर राष्ट्रीय केमिकल्स अँड फर्टिलायझर्सचा (आरसीएफ) थळ येथील कारखाना उभा राहिला. आज या कारखान्याची युरिया उत्पादनक्षमता वर्षाला सुमारे २० लाख टन आहे. युरिया तयार होण्याचे टप्पे थोडक्यात पुढीलप्रमाणे आहेत :

१) नैसर्गिक वायू व पाण्याची वाफ यांचे मिश्रण सुमारे ८०० अंश सेल्सिअस तापमानाला निकेलच्या उत्प्रेरकावरून जाऊ दिले जाते. त्यातून हायड्रोजन व कर्बयुक्त वायू तयार होतात.

२) पुढच्या टप्प्यात त्यात हवा सोडतात. हवेतील प्राणवायू जळून जातो आणि नत्र शिल्लक राहते.

३) कर्बवायू वेगळा काढून बाजूला ठेवतात.

४) हायड्रोजन व नत्र यांचा मोठ्या दाबाखाली लोहाच्या उत्प्रेरकावर संयोग करून अमोनिया बनवतात. जर्मनीत १९१३ साली या पद्धतीचा पहिला मोठा कारखाना सुरू झाला आणि जगातील नत्रखतांचा पाया आजही तोच आहे.

५) अमोनिया आणि तिसऱ्या टप्प्यात काढलेला कर्बवायू यांच्या संयोगातून युरिया तयार होतो.

नैसर्गिक वायूपासून काढलेल्या अशा हायड्रोजनला ‘करडा हायड्रोजन’ म्हणतात. एक किलो करडा हायड्रोजन तयार करताना साधारण ९ ते १० किलो कर्बवायू तयार होतो. त्यातील काही भाग युरियात अडकतो. तथापि युरिया जमिनीत पडल्यावर काही दिवसांतच त्याचे विघटन होते आणि हा कर्बवायू पुन्हा हवेत जातो. म्हणजे तो कारखान्याच्या धुराड्यातून सुटला नाही, तर आपल्या शेतातून सुटतो.

थळच्या जोडीला आपल्याच जिल्ह्यातील दुसरे उदाहरण पेण तालुक्यातील डोलवी येथील पोलाद कारखान्याचे आहे. तेथे नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन व कार्बन मोनॉक्साइड यांचे मिश्रण करून त्याच्या साहाय्याने लोहखनिजातील प्राणवायू काढला जातो व स्पंज लोखंड बनवले जाते. म्हणजे रायगडच्या किनाऱ्याला हायड्रोजन नवा नाही. नवा प्रश्न एवढाच आहे की, तो यापुढे कशापासून काढायचा.

एका गोणीचा हिशेब

युरियाची गोणी ४५ किलोची असते. तिच्यात ४६ टक्के प्रमाणाने २०.७ किलो नत्र असते. एवढा युरिया तयार करण्यासाठी साधारण २५.५ किलो अमोनिया लागतो आणि त्या अमोनियात सुमारे ४.५ किलो हायड्रोजन असतो. हे आकडे पुढील तक्त्यात मांडले आहेत.

तक्ता १ : ४५ किलो युरियाच्या एका गोणीमागील हिशेब
- नत्र : २०.७ किलो
- लागणारा अमोनिया : सुमारे २५.५ किलो
- त्यातील हायड्रोजन : सुमारे ४.५ किलो
- एवढ्या हायड्रोजनमधील ऊर्जा : सुमारे १५ लिटर डिझेलइतकी
- संपूर्ण प्रक्रियेस लागणारा नैसर्गिक वायू : साधारण २५ ते ३० घनमीटर
- हाच हायड्रोजन विजेने पाण्यापासून काढल्यास लागणारी वीज : साधारण २२५ ते २५० युनिट

नीमलेपन व करांसह ही गोणी शेतकऱ्याला सुमारे २६६ रुपयांना मिळते. ही तिची खरी किंमत नव्हे. फरकाची रक्कम शासन अनुदान म्हणून भरते. बॉम्बे हायचा वायू आता पूर्वीइतका पुरत नाही. देशातील खत कारखान्यांना लागणाऱ्या वायूचा मोठा हिस्सा द्रवरूपात जहाजांनी परदेशातून येतो. २०२२ साली युक्रेनमध्ये युद्ध पेटले तेव्हा या वायूचे जागतिक भाव भडकले आणि २०२२-२३ या वर्षात केंद्र शासनाचा खत अनुदानावरील खर्च अडीच लाख कोटी रुपयांच्या वर गेला. गोणीचा भाव वाढला नाही म्हणून आपल्याला झळ जाणवली नाही इतकेच. दूर देशातील युद्धाचा आपल्या खाचराशी संबंध येतो तो या मार्गाने.

हिरवा हायड्रोजन म्हणजे काय?

पाण्यातून वीज सोडली असता पाण्याचे हायड्रोजन व प्राणवायू असे दोन भाग होतात. या क्रियेस विद्युत अपघटन म्हणतात. शाळेच्या प्रयोगशाळेत आपल्यापैकी अनेकांनी हा प्रयोग पाहिला असेल. यासाठी वापरलेली वीज सूर्य, वारा किंवा जलविद्युत यांपासून आलेली असेल, तर मिळणाऱ्या हायड्रोजनला ‘हिरवा हायड्रोजन’ म्हणतात. वीज कोळशाची असेल तर मात्र कर्बवायू वीजकेंद्राच्या धुराड्यातून बाहेर पडतो आणि हायड्रोजन फक्त नावालाच स्वच्छ राहतो. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढून त्यातील कर्बवायू जमिनीखाली कायमचा साठवला, तर त्याला ‘निळा हायड्रोजन’ म्हणतात.

केंद्र शासनाने जानेवारी २०२३ मध्ये राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. त्यासाठी १९,७४४ कोटी रुपयांची तरतूद असून २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हिरवा हायड्रोजन तयार करण्याचे उद्दिष्ट आहे. महाराष्ट्र शासनानेही जुलै २०२३ मध्ये आपले हरित हायड्रोजन धोरण मंजूर केले.

खतासाठी विजेने हायड्रोजन काढणे ही कल्पना आपल्या देशात नवी नाही. पंजाबातील नांगल येथे १९६१ साली सुरू झालेल्या खत कारखान्यात भाक्रा-नांगल प्रकल्पाच्या जलविद्युतेवर पाण्याचे अपघटन करून हायड्रोजन मिळवला जात असे व त्यापासून नत्रखत बनत असे. नॉर्वेमध्ये तर अशी खतनिर्मिती त्याच्याही कितीतरी आधी चालू होती. पुढे विजेला इतर कामांसाठी मागणी वाढली. नांगलचा कारखाना आधी इंधन तेलावर व नंतर नैसर्गिक वायूवर गेला. पद्धत बिनचूक होती, पण मुबलक व स्वस्त वीज हाच तिचा प्राण होता. हिरव्या हायड्रोजनच्या कोणत्याही योजनेची पहिली कसोटी आजही हीच आहे.

युरियापुढील खास अडचण

येथे एक बारकावा समजून घेणे जरुरीचे आहे. डीएपी किंवा मिश्रखतांसाठी फक्त अमोनिया लागतो. तो हिरवा असला तरी चालतो. २०२५ साली भारतीय सौर ऊर्जा महामंडळाने अशा खत कारखान्यांसाठी हिरव्या अमोनियाचे लिलाव घेतले. त्यात किलोला साधारण ५० ते ६५ रुपये असे दर आले. आयात होणाऱ्या नेहमीच्या अमोनियापेक्षा ते जास्त असले तरी अंतर पूर्वीच्या मानाने बरेच कमी झाल्याचे त्यावरून दिसते.

युरियाची गोष्ट वेगळी आहे. युरियाच्या प्रत्येक टनासाठी सुमारे ७३० किलो कर्बवायू लागतो. नैसर्गिक वायूपासून हायड्रोजन काढताना तो आपोआप हाताशी येतो, पाण्यापासून हायड्रोजन काढताना तो मिळत नाही. म्हणजे थळसारख्या कारखान्यात उद्या सगळा हायड्रोजन पाण्यापासून काढायचा ठरले, तर युरियासाठी कर्बवायू दुसरीकडून आणावा लागेल. तो डोलवीसारख्या पोलाद कारखान्याच्या धुराड्यातून किंवा जैववायू संयंत्रांतून घेता येणे तत्त्वतः शक्य आहे. दुसरा मार्ग म्हणजे युरियाऐवजी अमोनियम सल्फेट, अमोनियम नायट्रेट यांसारख्या कर्बवायू न लागणाऱ्या खतांचे प्रमाण वाढवणे. यास्तव युरिया पूर्णपणे हिरवा होण्यास वेळ लागेल. सुरुवात काही टक्के हिरवा हायड्रोजन मिसळूनच होईल असे दिसते.

किती वीज, किती पाणी, किती जमीन?

वीज : एक किलो हायड्रोजनसाठी ५० ते ५५ युनिट वीज लागते. वीज ५ रुपये युनिट धरली तरी एका गोणीतील हायड्रोजनचा नुसता वीजखर्च ११०० ते १२५० रुपये होतो. वीज २ रुपये युनिटने मिळाली तर तो ४५० ते ५०० रुपयांवर येतो.

पाणी : एक किलो हायड्रोजनसाठी रसायनशास्त्राच्या हिशेबाने ९ लिटर शुद्ध पाणी लागते. शुद्धीकरण व थंडावा धरून प्रत्यक्षात ते बरेच जास्त लागते. ‘समुद्र समोरच आहे, मग पाण्याची काय चिंता?’ असा प्रश्न किनाऱ्यावर हमखास विचारला जाईल. खारे पाणी या संयंत्रांत सरळ वापरता येत नाही. मिठामुळे क्लोरीन वायू सुटतो व यंत्रणा गंजते. समुद्राचे पाणी गोडे करून वापरता येते आणि त्यासाठी लागणारी वीज अपघटनाच्या विजेच्या मानाने नगण्य असते. म्हणूनच किनाऱ्यावरील प्रकल्पाने गावाच्या पिण्याच्या व वालाच्या, पांढऱ्या कांद्याच्या पाण्यात वाटा मागण्याचे कारण नाही. मात्र पाणी गोडे केल्यावर उरणारे अतिखारे पाणी खाडीत कोठे सोडले जाते, याकडे मच्छीमार बांधवांनी व ग्रामपंचायतींनी लक्ष ठेवले पाहिजे.

जमीन : २० लाख टन युरियासाठी वर्षाला सुमारे २ लाख टन हायड्रोजन लागतो. तो सर्व विजेने काढायचा तर १००० कोटी युनिटांहून अधिक वीज हवी. एक मेगावॉटचा सौर प्रकल्प वर्षाला १५ ते १६ लाख युनिट वीज देतो व त्याला साधारण ४ एकर जमीन लागते असे धरले, तर सुमारे साडेसहा हजार मेगावॉट आणि २६ हजार एकर जमीन असा हिशेब येतो. एवढी जमीन रायगडच्या किनाऱ्यावर मोकळी नाही. कागदोपत्री ‘पडीक’ दिसणारी खाजणे पडीक नसतात. तेथे खाऱ्या पाण्याला सोसणारा भात होतो, जिताडा पाळला जातो, गुरे चरतात आणि पलीकडची कांदळवने उधाणाचे पाणी अडवतात. वीज तारेने दुरून आणता येते. बांध व खाजण मात्र एकदा गेले की परत येत नाही. २००८ साली सेझच्या वेळी पेण तालुक्यातील गावांनी जमिनीविषयीचे आपले मत मतदान करून नोंदवले होते, हे येथील शेतकऱ्याला वेगळे सांगावयास नको. स्वच्छ इंधनाच्या प्रकल्पालाही हाच प्रश्न आधी विचारला पाहिजे : वीज कोठली आणि जमीन कोणाची?

इंधन घट कसे काम करतो?

हायड्रोजन इंजिनात जाळता येतो. परंतु त्याचा अधिक चांगला उपयोग इंधन घटात होतो. इंधन घट म्हणजे विद्युत अपघटनाची उलट क्रिया होय. ब्रिटनमधील विल्यम ग्रोव्ह यांनी १८३९ च्या सुमारास हे तत्त्व प्रथम दाखवले आणि चंद्रावर माणूस नेणाऱ्या अपोलो यानांत वीज व पिण्याचे पाणी अशा घटांपासूनच मिळवले गेले.

घटाच्या मध्यभागी एक पातळ पडदा असतो. त्याच्या दोन्ही बाजूंना प्लॅटिनमचा सूक्ष्म लेप दिलेला असतो. एका बाजूने हायड्रोजन येतो. प्लॅटिनममुळे त्याच्या अणूचे प्रोटॉन व इलेक्ट्रॉन वेगळे होतात. पडदा फक्त प्रोटॉनला पलीकडे जाऊ देतो. इलेक्ट्रॉनना तारेतून वळसा घालून जावे लागते आणि हा तारेतील प्रवाह म्हणजेच आपल्याला मिळणारी वीज. पलीकडे हवेतील प्राणवायूशी त्यांची गाठ पडून पाणी तयार होते. एका घटातून भार असताना ०.६ ते ०.७ व्होल्ट मिळतात, म्हणून असे शेकडो घट वडीच्या थरांसारखे एकावर एक रचतात. बॅटरीत वीज साठवावी लागते व संपली की पुन्हा भरावी लागते. इंधन घटात हायड्रोजन येत राहील तोपर्यंत वीज मिळत राहते. डिझेल इंजिन इंधनातील सुमारे ३० ते ४० टक्के ऊर्जा कामात आणते, इंधन घट ५० टक्के किंवा त्याहून थोडी अधिक. त्याला धूर नाही आणि आवाजही फारच कमी.

आपल्या राज्यात पुणे येथे ऑगस्ट २०२२ मध्ये देशी बनावटीच्या इंधन घटावर चालणारी बस दाखवण्यात आली. कोचीन शिपयार्डने बांधलेल्या इंधन घटावरील प्रवासी बोटीचे जलावतरण फेब्रुवारी २०२४ मध्ये झाले. म्हणजे तंत्र हाताशी आले आहे. प्रश्न ते कोठे परवडेल याचा आहे.

शेतपंप, ट्रॅक्टर आणि होडी

शेतपंप : सौर पॅनेलमधून १०० युनिट वीज मिळाली असे समजू. ती सरळ पंपाला दिली तर सुमारे ९० युनिट कामी येतात. बॅटरीत साठवून दिली तर ८० ते ८५. तीच वीज वापरून हायड्रोजन केला, तो दाबून टाकीत भरला आणि इंधन घटातून पुन्हा वीज केली, तर हाती जेमतेम ३० युनिट लागतात. पाणी तर दिवसा, सूर्य असतानाच उपसता येते आणि टाकीत साठवता येते. म्हणून शेतपंपासाठी हायड्रोजनचा विचारही करू नये. सौर कृषी पंपाच्या शासकीय योजनेत सर्वसाधारण शेतकऱ्याला १० टक्के व अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्यांना ५ टक्के हिस्सा भरावा लागतो. तो मार्ग अधिक व्यवहार्य आहे. किनाऱ्यावर पॅनेलचा सांगाडा चांगल्या जस्तलेपित लोखंडाचा व पाया भक्कम असावा. ३ जून २०२० च्या निसर्ग चक्रीवादळात सुपारीच्या बागांबरोबर पत्रे व खांब यांची जी दैना झाली, ती श्रीवर्धन, मुरूड व अलिबाग तालुके विसरलेले नाहीत.

ट्रॅक्टर व पॉवर टिलर : किनारपट्टीतील खाचरे लहान, वापर वर्षातून थोडे दिवस. एवढ्यासाठी महागडी टाकी व इंधन घट परवडणार नाही.

मासेमारी नौका : १००० लिटर डिझेलच्या जागी, इंधन घटाची जास्त कार्यक्षमता धरूनही, सुमारे २०० किलो हायड्रोजन लागेल. वेल्डिंगवाल्याकडे असते तशा लोखंडी नळकांड्यात जेमतेम अर्धा किलोच्या थोडा वर हायड्रोजन मावतो. म्हणजे साडेतीनशेहून अधिक नळकांडी नौकेवर चढवावी लागतील. हलक्या व अधिक दाबाच्या खास टाक्यांमुळे वजन बरेच कमी होते, पण जागा आणि खर्च वाढतो. खोल समुद्रात जाणाऱ्या नौकांसाठी हे लवकर होणे नाही. ठरावीक बंदरांमध्ये ये-जा करणाऱ्या प्रवासी बोटी, न्हावाशेवा बंदरातील अवजड मालमोटारी आणि बंदरातील यंत्रे येथे मात्र एकाच जागी इंधन भरणे शक्य असल्याने इंधन घट आधी येऊ शकतात.

स्वयंपाक : येथेही हायड्रोजनपेक्षा गोबरगॅस बरा. २ घनमीटरच्या संयंत्रास रोज सुमारे ५० किलो शेण लागते. त्यातून धूर नसलेले इंधन तर मिळतेच, शिवाय मळीतून नत्र शेताला परत मिळते.

यावरून निष्कर्ष असा निघतो की, हायड्रोजन मुळात जेथे कच्चा माल म्हणून लागतो, तेथेच तो आधी स्वच्छ करावा. आपल्या जिल्ह्यात ते ठिकाण म्हणजे खत व पोलाद कारखाने. जे काम तारेतील वीज सरळ करू शकते, त्यासाठी हायड्रोजनचा वळसा घेणे म्हणजे तळ्याचे पाणी टँकरने फिरवून शेजारच्याच शेतात ओतण्यासारखे आहे.

सुरक्षितता आणि फसव्या जाहिराती

१) हवेत ४ ते ७५ टक्के एवढ्या प्रमाणात हायड्रोजन असला की तो पेट घेऊ शकतो व त्याला लहानशी ठिणगी पुरते. ज्योत दिवसा जवळजवळ दिसत नाही. तो हलका असल्याने उघड्यावर चटकन वर निघून जातो, पण बंद खोलीत छताशी साठतो.

२) अमोनिया नाकाडोळ्यांना व फुप्फुसांना अत्यंत घातक आहे. कारखान्याशेजारील गावांनी आपत्कालीन सूचना, वाऱ्याच्या आडव्या दिशेने दूर जाणे व ओले फडके नाकातोंडावर धरणे, या गोष्टी माहीत करून घ्याव्यात.

३) ‘पाण्यावर चालणारे इंजिन’ किंवा ‘डिझेल इंजिनाला पाण्याचा वायू जोडा, निम्मे डिझेल वाचवा’ अशा जाहिरातींना भुलू नये. पाणी फोडण्यासाठी लागणारी वीज त्याच इंजिनातून घेतली जाते आणि मिळणाऱ्या वायूत त्याहून कमी ऊर्जा असते. यात बचत नाही, धोका मात्र आहे.

४) घरगुती पातळीवर हायड्रोजन तयार करण्याचे वा साठवण्याचे प्रयोग करू नयेत.

सर्वांत स्वस्त हायड्रोजन : वाया न गेलेला

कारखाना हिरवा होण्यास वेळ लागेल, परंतु शेतकऱ्याच्या हातातील भाग याच खरिपात करता येण्यासारखा आहे. भातखाचरात फोकून दिलेल्या युरियातील नत्रापैकी साधारण ३० ते ४० टक्केच पिकाला मिळते. बाकीचे अमोनिया होऊन उडते, पावसाच्या पाण्याबरोबर वाहते किंवा चिखलातील जिवाणूंमुळे वायुरूप होते. त्यातील नायट्रस ऑक्साइड हा वायू पृथ्वीचे तापमान वाढवण्यात कर्बवायूच्या सुमारे २७३ पट प्रभावी आहे. इतक्या खर्चाने तयार केलेला हायड्रोजन असा वाहून जातो.

यावर कोकणात रुजलेला उपाय म्हणजे डॉ. ना. कृ. सावंत यांनी विकसित केलेली चारसूत्री भात लागवड. तिचा अवलंब पुढीलप्रमाणे करावा :

सूत्र १ : भाताच्या तुसाची राख रोपवाटिकेत गादीवाफ्यात मिसळावी. भाताचा पेंढा शेतात गाडावा. त्यामुळे सिलिका व पालाश मिळते.

सूत्र २ : लावणीपूर्वी गिरिपुष्पाचा कोवळा पाला शेतात पसरून चिखलणीच्या वेळी गाडावा. बांधावर गिरिपुष्प लावले की हा नत्राचा घरचा कारखाना होतो. त्याला ना वायू लागतो, ना वीज.

सूत्र ३ : सुधारित दोरीच्या साहाय्याने १५ व २५ सें.मी. आलटून-पालटून अंतरावर दोन ते तीन रोपांची नियंत्रित लावणी करावी.

सूत्र ४ : लावणीच्याच दिवशी दर चार चुडांच्या चौकोनात मधोमध २.७ ग्रॅम वजनाची एक युरिया-डीएपी ब्रिकेट (गोळी) ७ ते १० सें.मी. खोल खोचावी. गुंठ्याला ६२५ गोळ्या, म्हणजे सुमारे १.७ किलो खत पुरते. हेक्टरी हे प्रमाण सुमारे १७० किलो होते.

गोळी चिखलात खोल असल्याने नत्र हळूहळू सुटते व मुळांनाच मिळते. या पद्धतीत हेक्टरी साधारण ५७ ते ५९ किलो नत्र दिले जाते. फोकून देण्याच्या १०० किलोच्या मात्रेशी तुलना करता सुमारे ४० किलो नत्र वाचते. हे जवळजवळ दोन गोण्या युरियाइतके आहे. तक्ता १ नुसार दोन गोण्यांत ९ किलो हायड्रोजन असतो. विजेने तो काढायचा तर ४५० युनिट किंवा अधिक वीज लागली असती. पाणी न धरणाऱ्या, फार निचऱ्याच्या वालुकामय जमिनीत या गोळ्यांचा पुरेसा फायदा मिळत नाही, हे मात्र लक्षात घ्यावे. खार जमिनीतील शेतकऱ्यांनी मातीचे परीक्षण करून घ्यावे आणि वाण व खतमात्रेसाठी पनवेल येथील खारभूमी संशोधन केंद्राचा सल्ला घ्यावा.

याखेरीज भातानंतरच्या ओलीवर वाल, चवळी, मूग यांसारखे कडधान्य घेतल्यास मुळांवरील गाठींतील जिवाणू हवेतील नत्र स्थिर करतात. थळच्या कारखान्यात मोठा दाब व उष्णता वापरून जे काम होते, तेच हे जिवाणू साध्या मातीत, नेहमीच्या तापमानाला करतात.

थोडक्यात

- हायड्रोजन जळताना स्वच्छ असतो, परंतु तो तयार कसा झाला यावर त्याची खरी स्वच्छता ठरते.
- रायगडच्या शेतकऱ्यापर्यंत हायड्रोजन पूर्वीपासूनच युरियाच्या गोणीतून पोहोचत आला आहे. तेथेच बदल होणे सर्वांत महत्त्वाचे आहे.
- शेतपंप, ट्रॅक्टर व घरगुती वापरासाठी हायड्रोजनची वाट पाहू नये. सौर पंप व गोबरगॅस अधिक उपयुक्त आहेत.
- किनाऱ्यावर हिरव्या हायड्रोजनचा किंवा अमोनियाचा प्रकल्प येणार असल्यास ग्रामसभेने पाच गोष्टी लेखी विचाराव्यात : वीज कोठून येणार, पाणी कोठून घेणार, खारे सांडपाणी कोठे सोडणार, जमीन किती व कोणती लागणार, आणि गळती झाल्यास गावाला सूचना कशी मिळणार.
- या खरिपात किमान एका खाचरात युरिया-डीएपी गोळ्यांचा वापर करून शेजारच्या खाचराशी उत्पन्नाची व खर्चाची तुलना करावी व नोंद ठेवावी.

कारखान्यात स्वच्छ हायड्रोजन कधी येईल हे वीज, भांडवल व शासकीय धोरण यांवर अवलंबून आहे. खाचरातील नत्र वाया जाऊ न देणे मात्र सर्वस्वी आपल्या हातात आहे. प्रत्येक वाचलेल्या गोणीमागे २५ ते ३० घनमीटर वायू जळायचा राहतो, हे ध्यानात ठेवून शेतकरी बंधू-भगिनींनी येत्या लावणीचे नियोजन करावे.